दक्षिण फ्रान्समध्ये बोट आणि पायी भटकंती : दहा दिवस कसे आखाल

प्रश्न थोडक्यात असा आहे : दोन जोडपी, वयं पंचावन्न ते त्रेसष्ट. सह्याद्रीत चालायची जुनी सवय, पण एकीचा गुडघा अलीकडे कुरकुरतो. चौघांपैकी दोघांना पोहता येत नाही. सप्टेंबरमध्ये दहा दिवस हातात आहेत. तुलूझला बोट ताब्यात घ्यायची, कानाल द्यु मिदी या कालव्याने थेट भूमध्य समुद्र गाठायचा आणि मधे मधे उतरून डोंगरात चालायचं, असा बेत. हे जमेल का, बोट आधी की चालणं आधी, आणि शाकाहारी माणसांनी खायचं काय?

तुलूझ ते समुद्र हे आधी डोक्यातून काढा. बाकी सगळं जमेल, आणि उत्तम जमेल.

तुलूझपासून समुद्राला लागून असलेल्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत हा कालवा २४० किलोमीटर आहे आणि त्यावर साठाहून जास्त लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे दरवाजेबंद हौद, आहेत. काही लॉक एकेरी, काही दुहेरी, काही तिहेरी-चौहेरी. बोटीला कायद्याने ताशी ८ किलोमीटरची मर्यादा आहे आणि प्रत्यक्षात सहाच्या वर कोणी जात नाही, जाऊही नये. लॉक साधारण सकाळी नऊला उघडतात, दुपारी साडेबारा ते दीड जेवायची सुट्टी, मग संध्याकाळपर्यंत चालू. भाड्याची बोट अंधार पडल्यावर चालवायला परवानगी नसते. एवढ्यात आठवडाभरात सगळा कालवा उरकायचा म्हणजे रोज सकाळी घड्याळाकडे बघत निघायचं, दिवसभर दोर ओढायचे आणि संध्याकाळी कुठल्याशा काठाला खुंट्या ठोकून झोपायचं. गावं नुसती बाजूने निघून जातात. ज्यांनी असा प्रवास केला त्यांच्याशी बोललं की लॉकच आठवतात, बाकी काही नाही.

चालण्याचंही तसंच आहे. बोट सोडून दोन तास डोंगरात जाऊन येऊ, असं नकाशावर वाटतं. प्रत्यक्षात कालवा सपाटीवर आहे आणि खरे डोंगर तिथून तीस-चाळीस किलोमीटर उत्तरेला. म्हणून सहलीचे सरळ दोन भाग करा. आधी डोंगर, तीन पूर्ण दिवस, एका गावात मुक्काम ठेवून. मग बोट, पाच रात्री. डोंगर आधी, याला कारणं दोन. विमानात आखडलेलं शरीर चालून मोकळं होतं आणि नंतर दुखऱ्या गुडघ्याला बोटीवर आराम मिळतो. दुसरं, सप्टेंबर जसा संपत येतो तशी या भागात मोठ्या पावसाची शक्यता वाढते. समुद्रावरून आलेली दमट हवा सेव्हेनच्या डोंगरांवर आदळते आणि काही तासांत ओढे फुगतात. पावसात बोटीच्या केबिनमध्ये चहा पीत बसता येतं, घळीत बसता येत नाही. १५ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री ओद नदीच्या खोऱ्यात असाच पाऊस झाला आणि त्रेब हे कालव्यावरचं गाव पाण्याखाली गेलं, माणसं दगावली. सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांतले दहा दिवस निवडा.

आता बोटीचा टप्पा. माझं ठाम मत आहे की पहिल्यांदा येणाऱ्यांनी, त्यातही पोहता न येणाऱ्यांनी, आर्झांस-मिनेर्व्वा ते बेझिए हा भाग घ्यावा. आर्झांसच्या लॉकपासून बेझिएच्या फोंसेरानपर्यंत ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. सतराव्या शतकात, हातातल्या कुदळ-फावड्यांनी, एवढं अंतर एका पातळीत राखलं आहे. त्यासाठी कालवा प्रत्येक टेकडीला वळसा घालतो, डोंगराच्या कडेने काढलेल्या पाटासारखा. नकाशावर ही वळणं बघून वाटतं की एवढा फेरा कशाला; बोटीच्या टपावर बसलं की कळतं. एका बाजूला उंचावर द्राक्षमळे, दुसऱ्या बाजूला खाली ओदचं खोरं, आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला पिरेनीजची रांग.

हा कालवा ज्याने बांधला त्या पिएर-पोल रिकेबद्दल दोन गोष्टी माहीत असू द्या, म्हणजे बघताना मजा येईल. तो बेझिएचा, आणि व्यवसायाने मिठावरचा कर गोळा करणारा, इंजिनिअर नव्हे. अटलांटिक ते भूमध्य असा जलमार्ग काढायची कल्पना आधीपासून होती, पण मधल्या उंचवट्यावर पाणी आणायचं कुठून, इथे सगळे अडत. रिकेने मोंतान्य न्वारच्या डोंगरातले ओढे अडवले, सँ-फेरेओलला धरण बांधलं आणि चरांमधून ते पाणी नोरूझच्या खिंडीत, समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटरवर, आणून सोडलं. तिथून ते दोन्हीकडे वाहतं. १६६६ मध्ये चौदाव्या लुईचा हुकूम निघाला, १६८१ मध्ये कालवा सुरू झाला. रिके त्याच्या काही महिने आधी, १६८० च्या ऑक्टोबरात गेला. स्वतःची मालमत्ता त्यात घातलेली, आणि कर्ज फेडायला त्याच्या वारसांना पुढची कित्येक वर्षं लागली. १९९६ पासून कालवा युनेस्कोच्या यादीत आहे. तुमच्या बोटीखालचं पाणी आजही त्याच व्यवस्थेतून येतं.

बोट चालवायला परवाना लागत नाही. भाड्याच्या बोटींसाठी कंपनीच तासाभराचं शिक्षण देते आणि त्या भाड्याच्या मुदतीपुरतं कार्ड लिहून देते. हा तास गंभीरपणे घ्या, चौघांनीही. एकजण चालवणार आणि बाकीचे फोटो काढणार, असं करू नका. शिकवणाऱ्याला सांगा की आम्हाला प्रत्येकाला सुकाणू धरू द्या, उलटी घेऊ द्या, काठाला लावू द्या. बोट गाडीसारखी वळत नाही. तुम्ही चाक फिरवल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग मागचा भाग बाहेर फेकला जातो. नवखा माणूस त्या क्षणभरात घाबरून आणखी चाक फिरवतो आणि बोट नागमोडी जायला लागते. थोडं फिरवा, थांबा, बघा. उलटी घेताना सुकाणूचा उपयोग जवळजवळ नसतो, म्हणून पुढे आडवा ढकलणारा छोटा पंखा असलेली बोट मागा. चार पैसे जास्त पडले तरी.

सुरक्षिततेचं बोलतो, कारण पोहता न येणाऱ्यांची भीती पाण्याची असते आणि खरे अपघात दुसरीकडे होतात. लाइफ जॅकेट बोटीवर असतंच. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी डेकवर असताना ते घालूनच ठेवावं. कालव्यात पोहायला तशीही बंदी आहे आणि पाणी पोहण्यासारखं नाही. पण खरा धोका हातापायांचा आणि डोक्याचा. बोट काही टन वजनाची असते. ती भिंतीकडे जायला लागली की माणूस नकळत हात किंवा पाय मधे घालतो. घालू नका. आपटली तर आपटू द्या, बाजूला रबरी फुगे त्यासाठीच लावलेले असतात. आणि पूल. जुने दगडी पूल कमानीचे आहेत, मधे उंच आणि कडेला एकदम खाली आलेले. काप्स्तांचा पूल तर सगळ्यात बुटका म्हणून प्रसिद्ध आहे, बोट कंपन्या त्यावरूनच आपल्या बोटींची उंची ठरवतात. पूल दिसला की टपावरची छत्री मिटवायची, सगळ्यांनी खाली बसायचं, चालवणाऱ्याने बोट बरोबर मध्यावर आणायची. बोलणं बंद.

लॉक अजिबातच अनुभवायचे नाहीत का? तसं नको. आर्झांसऐवजी जरा वरच्या ओंप्सहून बोट घेतलीत तर सुरुवातीलाच तीन-चार लॉक उतरायला मिळतात, आणि परतताना चढायला. उतरणं सोपं असतं. दरवाजा उघडा असतो, तुम्ही भरलेल्या लॉकमध्ये शिरता, काठ हाताच्या उंचीवर असतो. एकजण आधीच काठावर उतरून उभा असतो, तो दोर लोखंडी खुंटाभोवती फिरवून टोक परत बोटीवर देतो. गाठ मारायची नाही, हे शंभरदा सांगा. पाणी खाली जायला लागलं की बोट खाली जाते आणि दोर सैल सोडत राहावं लागतं. गाठ असेल तर बोट दोराला लटकते. बोटीचा मागचा भाग मागच्या दरवाज्यापासून पुढे ठेवायचा, कारण तिथे पाण्याखाली दगडी उंबरा असतो आणि पाणी उतरल्यावर बोट त्यावर टेकू शकते.

चढताना उलट. तुम्ही रिकाम्या लॉकच्या तळाशी, दोन्ही बाजूंना ओल्या, शेवाळलेल्या भिंती, आणि समोरच्या दरवाज्यातून पाण्याचा लोंढा आत येतो. या कालव्याचे लॉक लंबगोल आहेत. भिंती मातीचा दाब पेलाव्यात म्हणून रिकेने त्या बाहेरच्या अंगाला फुगीर ठेवल्या. त्यामुळे बोट भिंतीला सरळ टेकत नाही, मधे पोकळी राहते आणि नाक इकडून तिकडे हेलकावतं. पुढच्या दोराशी तुमच्यातला सगळ्यात शांत माणूस ठेवा. जोर लागत नाही, लक्ष लागतं : बोट वर आली की ढील काढून घ्यायची, पुन्हा आली की पुन्हा. दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही वर असता, लॉकवाल्याच्या घराच्या अंगणाच्या पातळीला. जाताना त्याला बों जुर्नी म्हणा. आत शिरताना बोंझूर म्हणणं तर सोडूच नका. या भागात अभिवादन न करता कामाचं बोलणं उद्धट समजतात, दुकानातही.

गुडघेदुखीवाल्या बाईंनी लॉकच्या शिड्या चढू नयेत. त्यांनी लॉकच्या आधीच्या धक्क्यावर उतरून काठाने चालत वर जावं आणि दोर वरून झेलावा. बहुतेक वेळा हेच सगळ्यांना सोयीचं पडतं.

तुम्हाला लॉकचीच हौस वाटली तर वाटेतल्या ल सोमाय गावाच्या जरा पुढे दक्षिणेला फाटा फुटतो, नार्बोनकडे. पाच किलोमीटरांत सात लॉक, आणि ते बटणं दाबून आपणच चालवायचे. पुढे ओद नदीचा थोडासा प्रवाह पार करावा लागतो. नदीला पाणी असेल तर तो बंद ठेवतात. नार्बोनमध्ये कालवा शहराच्या मधोमध एका घरं बांधलेल्या पुलाखालून जातो आणि तिथली मंडई बघण्यासारखी आहे. पण पाच रात्रींत नार्बोन आणि बेझिए दोन्ही धरू नका.

माझ्या मते पाच रात्री अशा घालवा. पहिल्या दिवशी दुपारी बोट ताब्यात, शिक्षण, आणि संध्याकाळी फार तर एक-दोन तास. रुबिया किंवा पाराझाला थांबा. दुसऱ्या दिवशी रेप्युद्र नदीवरचा छोटा दगडी पूल लागेल, ज्यावरून रस्ता नाही तर कालवाच जातो. १६७६ चा हा पूल अशा प्रकारच्या जगातल्या सर्वांत जुन्या पुलांपैकी आहे, आणि तो इतका साधा आहे की लक्ष नसेल तर तुम्ही तो ओलांडून जाल आणि कळणारही नाही. बोट पुढे थांबवा आणि चालत मागे येऊन खालून बघा. मग व्हाँतनाक, मग ल सोमाय. हे ल सोमाय म्हणजे जुन्या काळी प्रवासी बोटींचा मुक्कामाचा थांबा : उंटाच्या पाठीसारखा चढ असलेला पूल, छोटं देऊळ, धर्मशाळा, सगळं सतराव्या शतकातलं, आणि जुन्या पुस्तकांचं एक प्रचंड मोठं दुकान. तिथे रात्र काढा.

ल सोमाय ते काप्स्तां बावीसएक किलोमीटर, म्हणजे चार तास, आणि हाच सगळ्यात निर्जन, वळणावळणांचा भाग. सकाळी निघा. सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणी चालू असते. काठाने ट्रॅक्टर ट्रॉल्या भरून गावच्या सहकारी वाइनरीकडे जाताना दिसतात आणि गावांमध्ये आंबुस-गोड वास भरलेला असतो. काप्स्तांचं चर्च लांबूनच दिसायला लागतं, पण कालवा इतके वळसे घेतो की ते कधी डावीकडे दिसतं, कधी उजवीकडे, आणि जवळ काही येत नाही.

काप्स्तांच्या पुढचं गाव पोय. इथे बोट बांधा आणि पूर्ण दिवस पायांवर काढा, कारण या सहलीतला सगळ्यात सुंदर चालण्याचा दिवस इथे आहे आणि तो गुडघ्यालाही मानवेल. कालव्याच्या काठाने पूर्वी बोटी ओढणारी घोडी चालत, ती वाट अजून आहे. पोयहून त्या सपाट वाटेने पाचेक किलोमीटरवर माल्पास. समोर टेकडी येते आणि कालवा सरळ तिच्या पोटात शिरतो. १६७९-८० मध्ये खोदलेला हा बोगदा, जेमतेम पावणेदोनशे मीटरचा, कालव्यासाठी काढलेला युरोपातला पहिला बोगदा मानतात. दगड ठिसूळ, वाळूचा. पॅरिसमधून काम थांबवायची चिन्हं दिसताच रिकेच्या माणसांनी गुपचूप रात्रंदिवस खोदून आरपार भोक पाडलं आणि मग अधिकाऱ्यांना आत नेऊन दाखवलं, असं इथे सांगतात. आत उभं राहून भिंतीवर हात फिरवून बघा, टिकावाच्या खुणा दिसतात. बोट घेऊन गेलात तर दिवे लावायचे, भोंगा वाजवायचा आणि पलीकडून कोणी येत नाही ना, हे बघूनच शिरायचं. आत दोन बोटी मावत नाहीत.

याच टेकडीखालून आणखी दोन बोगदे जातात. एक एकोणिसाव्या शतकातला रेल्वेचा. दुसरा तेराव्या शतकातला, पाणी काढायचा. तो कशासाठी, ते टेकडीवर एन्सेर्युनला चढलं की दिसतं. चढ थोडका आहे. वर रोमनांच्या आधीपासूनच्या वस्तीचे अवशेष आणि एक संग्रहालय आहे, पण त्याआधी उत्तरेच्या कड्यावर जा. खाली एक अवाढव्य वर्तुळ दिसतं, मध्यबिंदूपासून सगळीकडे शेतं निमुळत्या तुकड्यांत कापलेली. हे मोंतादीचं तळं. तेराव्या शतकात आसपासच्या जमीनदारांनी ते आटवलं : सगळे चर मध्याकडे वळवले आणि मधलं पाणी टेकडीखालच्या बोगद्यातून पलीकडे काढून दिलं. आठशे वर्षांनी ती व्यवस्था अजून चालू आहे आणि त्या तुकड्यांत गहू पिकतो. सकाळच्या तिरप्या उन्हात चर स्पष्ट दिसतात, तेव्हा लवकर पोहोचा.

ज्यांचे पाय शिवशिवत असतील त्यांनी पुढे कोलोंबिएवरून काठाकाठाने फोंसेरानपर्यंत जावं, माल्पासपासून आठ किलोमीटर. सायकली बोटीबरोबर भाड्याने मिळतात, त्या घेतल्यात तर फारच सोपं. फोंसेरानला एकामागोमाग जोडलेल्या लॉकचा जिना आहे; बोटी तीनशे मीटरांत वीसएक मीटर उतरतात. त्यातून स्वतःची बोट नेण्यापेक्षा काठावर उभं राहून बघण्यात जास्त आनंद आहे, असं माझं प्रामाणिक मत. चढण्या-उतरण्याच्या वेळा ठरलेल्या असतात आणि बोट नेली तर परतही आणावी लागते. खाली १८५८ चा ओर्ब नदीवरचा कालव्याचा पूल आहे आणि समोर टेकाडावर बेझिएचं कॅथीड्रल. त्याच बेझिएमध्ये २२ जुलै १२०९ रोजी कॅथार या चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाविरुद्धच्या धर्मयुद्धात सगळं गाव कापलं गेलं होतं. मग त्याच मार्गाने परत. परतीत कंटाळा येत नाही. चढत्या उन्हाने बघितलेली गावं उतरत्या उन्हात वेगळी दिसतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे हिरमोड व्हायला नको. जाहिरातींमध्ये कालव्यावर दोन्ही बाजूंनी चिनारांची, म्हणजे प्लेन झाडांची, हिरवी कमान दिसते. एकोणिसाव्या शतकात काठ धरून ठेवायला आणि सावलीसाठी ती लावली, बेचाळीस हजारांच्या आसपास होती. २००६ मध्ये त्रेबजवळ एका बुरशीजन्य रोगाने झाडं मरताना आढळली. रोग पाण्यातून आणि मुळांमधून पसरतो, औषध नाही. झाड तोडून जाळावं लागतं. आतापर्यंत बहुतेक झाडं गेली आहेत. ओंप्सकडच्या भागात तुम्हाला लांबच लांब उघडे काठ दिसतील, आणि तिथे ओक, पांढरा पॉप्लर, पाइन अशी वेगवेगळ्या जातींची नवी रोपं, पुन्हा एकाच रोगाने सगळी जाऊ नयेत म्हणून. ती मोठी व्हायला आपलं आयुष्य पुरणार नाही, पण लावली आहेत. दोर झाडाला बांधायला सक्त मनाई आहे. दोराच्या घर्षणाने साल सोलते आणि तोच ओला दोर पुढच्या झाडाला रोग नेऊन पोचवतो. लोखंडी खुंट्या आणि हातोडा बोटीत दिलेला असतो, तोच वापरायचा. खुंटी काठाच्या पायवाटेवर नको, बाजूला गवतात ठोका. रात्री सायकलवाले येतात. आणि डोक्यावर टोपी हवीच, सावलीच्या भरवशावर राहू नका.

डोंगराचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तुम्हाला चालण्याची सवय आहे. मुक्काम ओलार्ग किंवा मों-ला-त्रिवाल इथे ठेवा. बेझिएहून बस आहे, पण फेऱ्या मोजक्या आणि रविवारी जवळजवळ नाहीत. तीन दिवसांपुरती गाडी भाड्याने घेतलीत तर बरं. पहिल्या दिवशी एरिकची घळ : खालून वर एरिक नावाच्या वाडीपर्यंत पक्की वाट, बाजूला खडकात कोरलेले डोह, पाणी थंडगार आणि पारदर्शक. गुडघेदुखी असली तरी सावकाश जमण्यासारखी. दुसऱ्या दिवशी तिघांनी कारू डोंगराच्या माथ्यावर जावं, वरच्या दूश गावातून, म्हणजे चढ कमी लागतो. हजार मीटरवरचं पठार, हेदरचं गवताळ रान, रानमेंढ्यांचे कळप, आणि दक्षिणेच्या कड्यावरून सगळी सपाटी समुद्रापर्यंत. चौथ्या व्यक्तीने खालून पासा पाई या जुन्या रेल्वेमार्गाच्या वाटेने फिरावं; रूळ काढून केलेली सपाट वाट, बोगदे आणि उंच पूल शाबूत.

तिसरा दिवस मिनेर्वसाठी. आपल्याकडच्या गडकोटांवर प्रेम करणाऱ्याला हे गाव बघून राहवणार नाही. दोन नद्यांच्या घळींनी तिन्ही बाजूंनी तोडलेला सुळका, त्यावर गाव. १२१० मध्ये, त्याच कॅथारविरोधी धर्मयुद्धात, सेनापती सिमों द मोंफोरने वेढा घातला. पलीकडच्या कड्यावर मोठं गोफणयंत्र उभारून त्याने गावची एकमेव विहीर आणि तिच्याकडे जाणारी झाकलेली वाट फोडली. उन्हाळा, पाणी नाही. सुमारे सात आठवड्यांत गाव शरण आलं. पंथ सोडायला नकार देणाऱ्या १४० जणांना जाळलं. त्या विहिरीकडे उतरणारी वाट आजही चालता येते, आणि पलीकडच्या कड्यावर त्या यंत्राची लाकडी प्रतिकृती ठेवली आहे. दोन्हीमधलं अंतर डोळ्यांनी मोजा. सप्टेंबरमध्ये सेस नदी सहसा कोरडी असते, तेव्हा तिने चुनखडीतून कोरलेल्या नैसर्गिक बोगद्यातून गोट्यांवरून चालत आरपार जाता येतं. पावसाचा इशारा असेल तर मात्र नदीपात्रात पाऊल टाकू नका.

वाटांच्या खुणा सोप्या आहेत. लांब पल्ल्याच्या वाटांना पांढरा-लाल पट्टा, गावाभोवतीच्या छोट्या वाटांना पिवळा. फुली दिसली की वाट चुकली. पाट्यांवर अंतराबरोबर वेळ दिलेला असेल तर तो तुमच्या वेगाला बऱ्यापैकी जुळेल. चुनखडीच्या रानात झरे नाहीत, माणशी दोन लिटर पाणी घ्याच. झुडपं काटेरी, पूर्ण पँट बरी. सप्टेंबरात शिकारीचा हंगाम सुरू होतो. भडक रंगाचा शर्ट घाला आणि शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर दुसरी वाट धरा. वणव्याचा धोका असेल त्या दिवशी जिल्हा प्रशासन काही डोंगर बंद करतं, ते आदल्या संध्याकाळी बघा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दक्षिणेकडच्या कोर्बिएरमध्ये लागलेला वणवा ज्यांनी बघितला ते हा नियम मोडत नाहीत. अडचणीला फोन ११२.

जेवणाचं. बोटीवर गॅसची शेगडी, फ्रीज, भांडी असतात. छोटा कुकर मात्र घरून आणा. सुपरमार्केटमध्ये मसूर, छोले, तांदूळ, कांदे-टोमॅटो-वांगी सगळं मिळतं, हिंग आणि गोडा मसाला मिळत नाही. तूप, पेढे, चीज असे दुधाचे पदार्थ आणि कुठल्याही प्रकारचं मांस भारतातून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाही, तेव्हा बॅगेत चिवडा, चटण्या, भाजणी असं घ्या. मंगळवारी ओलोंझाकला मोठा आठवडी बाजार भरतो, ओंप्सहून चालत जाण्यासारखा. बोटीचा शिधा तिथेच भरा. ऑलिव्ह लुक जातीचे मागा, हिरवेगार, चंद्रकोरीसारखे वाकलेले. हॉटेलात शाकाहारी माणसाला बहुधा गरम बकरी-चीजचं सॅलड आणि ऑम्लेट यांवर भागवावं लागतं. सूप शाकाहारी दिसलं तरी विचारा. या भागाचा प्रसिद्ध कासूले म्हणजे पांढऱ्या घेवड्याबरोबर बदक आणि डुकराचं सॉसेज. शाकाहारी कासूले शोधत बसू नका. स्वयंपाकघरं दुपारी दोनला बंद होतात आणि संध्याकाळी साडेसातच्या आधी उघडत नाहीत. रविवारी संध्याकाळ आणि सोमवार, बरीच बंद.

खर्चाचं ढोबळ गणित : चौघांच्या बोटीचं आठवड्याचं भाडं हजार युरोंच्या बरंच पुढे असतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये खूप चढतं, सप्टेंबरमध्ये मधलं असतं. त्यावर डिझेल इंजिनाच्या तासांप्रमाणे, सफाई, सायकली आणि नुकसानीचा विमा वेगळा. करारात हे सगळं ओळीने लिहून घ्या. आठवड्यापेक्षा कमी दिवसांसाठीही बोट मिळते, पण सप्टेंबरसाठी जानेवारी-फेब्रुवारीत ठरवलंत तरच हवी ती. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. त्यात राहण्याचा पत्ता मागतात. बोटीच्या रात्रींसाठी कंपनीचं आरक्षणपत्र जोडा आणि सोबत रोजचा मुक्काम लिहिलेला कागद द्या. विमा किमान ३०,००० युरोंचा.

पुढेमागे बेत मे महिन्यात सरकला तर एवढंच लक्षात ठेवा की १ मे रोजी, कामगार दिनाला, कालव्यावरचे सगळे लॉक बंद असतात.